चतकोर वळण

गुलाबी पानांचं झाड घ्यायला आलेला माणूस हमखास सगळ्यांत गुलाबी कुंडीवर बोट ठेवतो. मी त्याला दोन पावलं बाजूला नेतो आणि म्हणतो, "ते नको. ज्याच्यावर निम्मं हिरवं आहे, ते घ्या." पंधरा-सोळा वर्षं हे वाक्य म्हणून म्हणून गुळगुळीत झालंय. पानाच्या गुलाबी भागात हरितद्रव्य नसतं. तो दिसतो छान, पण कमवत काही नाही. त्याला पोसतं ते शेजारचं हिरवं. अख्खं गुलाबी झालेलं झाड चार-सहा महिने कौतुक करून घेतं आणि उपाशी मरतं. काही ठिकाणी तर साध्या हिरव्या झाडांना बंद खोलीत वायू देऊन गुलाबी करतात. सहा महिन्यांत रंग उतरतो आणि घेणाऱ्याला वाटतं, आपल्याच हाताला गुण नाही. हेही मी सांगून टाकतो. मी कधी कुणाला शेंडी लावलेली नाही. निदान गिऱ्हाइकाला तरी नाही.

आमची नर्सरी लहान आहे. पत्र्याची शेड, वर हिरवी जाळी, मागे माती चाळायची जागा आणि पुढे माझं टेबल. झाड विकून आम्ही मोकळे होत नाही; दर पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाकडे फेरी असते. बोट मातीत खुपसून बघायचं, दोन पेरं कोरडं लागलं तरच पाणी. पानं ओल्या फडक्यानं पुसायची. नुसता हिरवा फुटवा आला असेल तर तो खालच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे पान फुटतं त्या गाठीपर्यंत कापायचा. आणि निघताना कुंडी चतकोर फिरवायची. झाड उजेडाकडे तोंड करतं. तसंच ठेवलं तर खिडकीकडे झुकत जातं आणि एक दिवस कुंडीसकट लवंडतं. म्हणून दर फेरीला पाव भाग वळवायचा. चतकोर हा शब्द ताईचा.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा माझ्या डब्यापासून दप्तरापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडलं. नर्सरी मुळात तिची. मी नंतर आलो. इस्त्रीचा शर्ट घालून गिऱ्हाइकांकडे जायला लागलो आणि हळूहळू पाटीवर माझं नाव कसं चढलं ते दोघांनाही कळलं नाही. मला कळलं होतं. ती कोपरापर्यंत मातीत हात घालून मला चिडवायची, "तू गुलाबी पान रे शहाण्या. बाहेर मिरवायचं तुझं काम. मी आहे इथे हिरवी." मला ती शहाण्याच म्हणायची, कारण प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार असायचं.

आमच्याकडच्या सगळ्या गुलाबी झाडांचं मूळ एकच. ताईनं कुठूनशा आणलेल्या बोटभर फांदीतून वाढवलेलं, शेवाळाच्या काठीवर चढलेलं झाड. त्याला ती राणी म्हणायची. राणीच्या वर्षाला चारच फांद्या काढायच्या, पाचवी नाही, हा तिचा कायदा. राणीला ती जिवापाड जपायची. सकाळी आल्या आल्या आधी तिच्याकडे, मग चहा.

तीन वर्षांपूर्वी ताई तापानं आठवडाभर घरी होती आणि त्याच आठवड्यात मला एका कंपनीची मोठी ऑर्डर आली. चाळीस कुंड्या, सगळ्या गुलाबी. राणी तेव्हा माझ्या उंचीची होती. मी कात्री घेतली आणि डोळ्याडोळ्याला तुकडे करत खाली आलो. वीतभर खुंट उरला, त्यावर एक पान.

ताई बरी होऊन आली. खुंटापुढे उभी राहिली. मी बोलायला सुरुवात केली, की शास्त्रीयदृष्ट्या प्रत्येक तुकडा म्हणजे तेच झाड, काही कमी झालेलं नाही, उलट एकाची चाळीस झाली. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "विचारायचं तरी होतंस." आणि थोड्या वेळानं, "ही कुंडी तेवढी नेते मी."

ती परत आली नाही. महिन्याभरानं माती पुरवणाऱ्याच्या हाती तिची एक चिठ्ठी आली. त्यात तिचा नवा पत्ता होता, दुसरं काही नाही. मी ती चिठ्ठी टेबलामागच्या शहराच्या नकाशाखाली टाचणीनं लावून ठेवली. जाईन म्हटलं. आधी राग होता, मग लाज वाटायला लागली, आणि लाजेत तर दिवस अजूनच भरभर जातात.

हे सगळं सांगायचं कारण, यंदा जे झालं ते त्या दातांच्या दवाखान्यापासून सुरू झालं असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. पण ते त्या कात्रीपासूनच सुरू झालं असणार.

दातांच्या दवाखान्यात राणीच्या फांदीची एक कुंडी आहे, काउंटरच्या बाजूला, मोठ्या खिडकीपाशी. त्या दिवशी गेलो तर सगळी पानं खिडकीकडे पाठ करून फायलींच्या कपाटाकडे बघत होती.

"काका, तुम्ही मागच्या वेळी उलटीच ठेवून गेलात वाटतं," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"नाही गं. चतकोरच फिरवली होती."

"मग हिला दातांची भीती वाटत असेल."

मी हसलो. कपाट नवं होतं, पांढरं, चकचकीत. उजेड त्याच्यावरून परावर्तित होत असणार. तिला तसं सांगितलं, कुंडी फिरवून पानं खिडकीकडे केली आणि निघालो.

त्याच दुपारी एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे गेलो. त्यांना आख्खी गल्ली हेडबाई म्हणते. त्यांच्या बैठकीत दोन बाजूंना खिडक्या आणि मधल्या कोपऱ्यात झाड. पानं दोन्ही खिडक्या सोडून स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे वळली होती, देठांना पीळ पडेपर्यंत.

"रुसलंय का हो?" त्यांनी विचारलं. "आठवडाभर बघतेय. मी फिरवते, की सकाळी पुन्हा तिकडेच."

"दाराखालून वारा येत असेल, बाई."

"वाऱ्याकडे तोंड करतं झाड?"

शाळेत असतो तर छडी बसली असती. मी काहीतरी तापमानाबद्दल बोललो आणि कुंडी फिरवली.

पुढच्या फेरीपर्यंत सतरा ठिकाणी तसंच झालं होतं. पुढच्याला एकतीस. एका वकिलांच्या ऑफिसात एकच खिडकी आहे आणि मागे लांब अंधारा बोळ. तिथलं झाड बोळाकडे वळून उभं होतं आणि नवं पान अंधारातच उघडत होतं. ते आख्खं गुलाबी होतं, हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही. मी ते बोटानं वर उचललं. इतकं पातळ होतं की माझं बोट पलीकडून दिसत होतं.

मी काय केलं? जे येतं तेच केलं. पानं पुसली आणि कुंडी उजेडाकडे फिरवली. प्रत्येक घरी, प्रत्येक ऑफिसात. सात आठवडे मी ती झाडं एकेक करून परत फिरवत होतो. काही ठिकाणी तर घाईत जरा जोरानेच.

शेवटी एका मंगळवारी मी फोनमधलं होकायंत्र काढलं. दवाखान्यात पानांचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहून घेतलं. हेडबाईंकडचं, वकिलांकडचं आणि आणखी चार ठिकाणचं लिहिलं. संध्याकाळी शेडमध्ये येऊन भिंतीवरच्या नकाशावर पट्टीनं रेघा मारल्या. मला कुठेतरी मोबाइलचा टॉवर किंवा विजेचं उपकेंद्र सापडेल असं वाटत होतं, म्हणजे तक्रारीचं एक पत्र लिहून मोकळं होता येईल.

सातही रेघा पुलापलीकडे एका बारक्या रस्त्यावर येऊन मिळाल्या. त्या रस्त्याचं नाव मी कुठेतरी वाचलं होतं. कुठे, ते आठवायला वेळ लागला नाही. मी नकाशाचा कोपरा उचलला. टाचणीला गंज चढला होता.

पुलापलीकडे जायला रिक्षानं वीस मिनिटं लागतात. तेव्हा साडेसहा वाजले होते, बाहेर चांगला उजेड होता. मी निघायला हवं होतं. कुणीही निघालं असतं. पण सात रेघांवरून निष्कर्ष काढणं माझ्या बुद्धीला पटेना. सात म्हणजे योगायोग असू शकतो. वीस तरी हव्यात. आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांनी तिच्या दारात उभं राहून काय म्हणू? तुझं झाड बोलावतंय म्हणून आलो?

म्हणून बुधवारी मी आणखी आठ ठिकाणं मोजली. गुरुवारी पाच. सगळ्या रेघा तिथेच.

गुरुवारचं शेवटचं घर एका बँकेतल्या बाईंचं. चारच्या सुमाराला पोचलो. झाड पुलाच्या दिशेला, बाथरूमच्या भिंतीकडे वळलेलं होतं. मी होकायंत्र टेकवलं, आकडा लिहिला, पेनाचं टोपण लावलं आणि वर बघितलं.

पानं खिडकीकडे होती.

वळताना मी पाहिलं नाही. आवाज आला नाही. टोपण लावायला लागतो तेवढाच वेळ गेला होता. देठांचा पीळ सुटलेला, पानं उन्हं उतरायला लागलेल्या आभाळाकडे निवांत. कुठल्याही खिडकीतल्या कुठल्याही झाडासारखी.

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातली मुलगी.

"काका, झाड सरळ झालं! आपोआप. मी बघतच होते, पण शिंक आली, आणि डोळे उघडले तर झालेलं."

"छान झालं," मी म्हणालो.

मला खरोखरच छान वाटलं. हे मी लपवणार नाही. सुटलो, असं वाटलं. खांद्यावरून कुणीतरी हात काढून घेतल्यासारखं हलकं. आता काही जायची गरज नाही, असंही मनात येऊन गेलं. घरी जाऊन मी गाढ झोपलो.

शुक्रवारी तरीही गेलो. का, ते सांगता येत नाही. बहुधा हातात वेळ होता म्हणून.

खाली फोटोंना चौकटी करणाऱ्याचं दुकान होतं. काचेचा भुगा, लाकडाचा वास. फ्रेमवाले माझ्याच वयाचे, कानावर पेन्सिल. मी ताईचं विचारलं. त्यांनी हातातली करवत हळूच खाली ठेवली.

"तुम्ही शहाणे का?"

मी मान हलवली.

"काल गेल्या हो त्या. चार वाजता. रात्रीच आम्ही सगळं उरकलं. दवाखान्यातच न्यायचं म्हणत होतो आम्ही, पण म्हणायच्या, नको, तो येईल, मी इथे नसले तर परत जायचा. दोन महिने अंथरुणाला होत्या. फुप्फुसाचं दुखणं. माझी बायको खालून चहा-जेवण न्यायची. मी किती वेळा म्हटलं, भावाचा नंबर द्या, मी लावतो फोन."

"मग?"

"म्हणायच्या, कळवलंय मी. रोज कळवतेय."

"कसं?" मी विचारलं.

"फोन नव्हता त्यांच्याकडे," फ्रेमवाले म्हणाले. "पत्रही कधी टाकायला दिलं नाही. मला वाटलं, तापात बोलतायत."

वर एक खोली होती. पलंग, एक खुर्ची, पाण्याचा तांब्या. पलंगाच्या उशाशी स्टुलावर राणी होती. खुंटातून पुन्हा फुटलेली, हातभर वाढलेली, पाच पानं. निम्मी हिरवी, निम्मी गुलाबी, हव्या त्या मापाची. इतकं नीट झाड मला कधी जमलं नाही.

स्टुलाच्या फळीवर कुंडीखाली एक गोल चर पडला होता. कुंडी पुन्हा पुन्हा फिरवून लाकूड घासलं गेलं होतं.

"तेवढं मात्र रोज करायच्या," फ्रेमवाल्यांची बायको दारातून म्हणाली. "हात उचलवत नव्हता, तरी सकाळी कुंडी धरून आपल्याकडे फिरवायच्या. म्हटलं, मी करते, तर म्हणायच्या नाही, हे मलाच करायला हवं. झाड खिडकीकडे जायचं, त्या पुन्हा आपल्याकडे आणायच्या. शेवटी शेवटी तर रडायच्या. म्हणायच्या, तो फिरवतोय, परत परत फिरवतोय."

मी त्या खोलीत खाली बसलो.

राणीला मी घरी आणलं. दुसरं काय आणणार होतो?

बैठकीच्या खिडकीत ठेवलं. संध्याकाळी समोर खुर्ची टाकून बसलो आणि तिच्याशी बोललो. शास्त्रीय काही नाही बोललो. चुकलो म्हणालो. जे तीन वर्षांपूर्वी एका वाक्यात सांगता आलं असतं ते तास-दीड तास सांगत होतो.

पानांची पाठ माझ्याकडे होती. त्यात नवल नाही; ती उजेडाकडे बघत होती. आठवड्यानं मी कुंडी फिरवायला हात पुढे केला आणि माझ्याच्यानं ती फिरववेना. मग मीच खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. उजेडाच्या बाजूला, झाड आणि खिडकी यांच्या मधोमध, काचेला पाठ लावून बसलो. आता उजेड हवा असेल तर माझ्याकडे तोंड करावंच लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानं आतल्या भिंतीकडे होती.

मी खुर्ची भिंतीकडे नेली. पानं खिडकीकडे गेली. पुन्हा खिडकीपाशी आणली. पुन्हा भिंत. मी वही काढली नाही. मोजायचं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर नवव्या दिवशी खालचं पान पिवळं पडून गळलं. बाराव्या दिवशी दुसरं. नवं पान आलं ते फिकट, नखाएवढं. अंधारात राहून ती उपाशी मरेल, पण माझ्याकडे बघणार नाही, हे कळायला शहाणा असावं लागत नाही.

तेव्हापासून मी बैठकीत जात नाही. दार लावून ठेवलंय. मधल्या खोलीतच झोपतो. पाणी घालायला शेजारच्या काकू एक दिवसाआड येतात. त्यांना सांगितलंय की मला मातीची ॲलर्जी झालीये. नर्सरीवाल्याला मातीची ॲलर्जी, यावर त्या पोट धरून हसल्या होत्या.

नर्सरीतली बाकीची झाडं ठीक आहेत. फेरीला जातो, पानं पुसतो, कापतो. कुंडी चतकोर फिरवण्याचं काम मात्र गिऱ्हाइकांनाच करायला सांगतो.

काल काकू पाणी घालून बाहेर आल्या, हात पदराला पुसत.

"काय गुणी झाड आहे हो! दोन नवी पानं आलीत. सगळी कशी खिडकीकडे. एकदा बघा तरी."

बरं वाटलं. म्हणालो, "तुम्ही सांगितलंत, बघितल्यासारखंच आहे."

"फक्त एक गंमत आहे," चपला घालता घालता त्या म्हणाल्या. "दुपारी आले की सगळी भिंतीकडे तोंड करून असतात. साधारण एक ते दोन. मग पुन्हा सरळ. असं असतं का काही?"

"असतं," मी म्हणालो. "उन्हाचं असेल."

त्या गेल्या. बैठकीच्या खिडकीबाहेर माझी गॅलरी आहे; तिचं दार मधल्या खोलीत उघडतं. एक ते दोन मी तिथे खिडकीला पाठ करून जेवायचो.